किलोच्या भावात

मे महिन्यातली दुपार, इतवारीतली भंगार गल्ली,
फक्त लोखंड आणि मी, दोघंच तापलेले.
कूलरच्या सांगाड्यांखाली उलटं पडलेलं
मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं एक हँडल.
त्याच्यामागे जे होतं त्याला सायकल म्हणणं कठीण होतं:
चाकं नाहीत, चेन नाही,
सीटच्या जागी पानमसाल्याची पिशवी बांधलेली.

घराची किल्ली काढून नळीवर हळूच मारली.
ठण्ण नाही.
टिंग, आणि मग बराच वेळ ते टिंग विझत गेलं.
जाड पाइपाचा ठोका मला माहीत आहे,
दूधवाला रोज आमच्या गेटवर वाजवतो.
हा तो नव्हता.
नळ्यांच्या सांध्यांवर पोलादाच्या खोळी,
त्यांना पिंपळपानासारखी टोकं काढलेली,
आणि एका टोकाच्या मधोमध तिळाएवढं भोक,
कुणीतरी कानशीने, वेळ काढून केलेलं.
कशासाठी?
कशासाठीच नाही.
इथेच मी गेलो.

चेहरा मात्र कोरा ठेवला.
तेजराम शाहूने काट्याला टांगली.
"पाच किलो आठशे. तुमाले म्हून तीस रुपये."
एकशे चौऱ्याहत्तर. वरचे चार सोडले.
ऑटोत ती मांडीवर घेऊन बसलो
आणि महालापर्यंत चोरासारखा हसत आलो.

घरी कळलं चोर कोण.
सीटची दांडी आत रुतलेली,
पोलादात अ‍ॅल्युमिनियम, किती पावसाळे एकमेकांना खाऊन
एक झालेले.
वरच्या तोंडावर हातोडीचे ताजे घाव.
तेजराम माझ्याआधीच हरला होता.

मोमिनपुऱ्यात रज्जाक उस्तादांनी चष्म्यावरून पाहिलं.
"ठोकाचं नाई याले," म्हणाले, "मनवाचं."
मग रोज संध्याकाळी चार थेंब अमोनिया,
डोळ्यांतून पाणी, मोरीच्या दारात ती उभी.
सुनंदा म्हणाली, माझ्या गुडघ्याला
इतक्या नेमानं कधी तेल लावलंस का रे?
लावलं नव्हतं.
त्या रात्री लावलं.
तेविसाव्या दिवशी दांडी कुईं करून
केसभर फिरली.

तोवर दुसरी आली होती.
(एकच असेल तर ती सायकल, दुसरी आली की आजार,
असं उस्तादच म्हणतात, आणि त्यांच्याकडे अकरा आहेत.)
वाडीच्या वारलूजी खोब्रागड्यांची, निळी,
आयुध कारखान्यातून घरी आली तेव्हापासून
माळ्यावर, चादरीत गुंडाळलेली.
अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात वर्ध्याच्या शर्यतीत
ते पहिले आले होते.
शेजारचा चहावाला म्हणतो, दुसरे.
पैशांचं नाव काढलं तर रागावले.
एवढंच म्हणाले, गिअरकडे पाहू नको.
हात खाली सोड. हाताले माईत रायते.

नोव्हेंबर. पहाटे साडेपाच. फुटाळ्यावर धुकं,
आणि पाठ इतकी वाकवून मी शाळेनंतर
कशाकडेच पाहिलं नव्हतं.
सेमिनरी हिल्सचा चढ लागला.
गिअरची काडी गुडघ्याखाली, खालच्या नळीवर,
तिला टकटक नाही, खूण नाही, आकडा नाही.
मी पाहिलं.
चेन खर्रर्र करून कुठेतरी मधेच लटकली,
आणि मी बाभळीखालच्या गवतात, पायपट्ट्यांसकट,
आडवा.
एक कार्बनवाला पोरगा थांबला.
"काका, लागलं का?" मग, "काका, ही कितीची?"
कितीची?
एकशे सत्तर, चहा धरला तर दोनशे.
टायर मात्र दोन हजारांचे,
आणि पातळ नळीत शिरलेली ही
हिवाळी सकाळ वेगळी.

पुन्हा चढलो. पाहिलं नाही.
हात खाली गेला, काडी बोटाला भेटली,
केसभर मागे,
आणि चेन गप्प झाली.
नाही, सुरात आली असं काही म्हणणार नाही.
मागचा ब्रेक पूर्ण चढभर घासतच होता.

उतरून तर्री पोहे घेतले,
रस्सा दाढीपर्यंत, तळहातांवर डांबराचे काळे डाग.
फोन वाजला. तेजराम.
"भाऊ, आनखीन एक आली नं.
हिची सीट निघते. मी पायलं."